देहाचे जन्मजात रक्षक

कळमेश्वराच्या आसपास ज्यांचें बाळपण गेलें, त्यांस संत्र्याच्या बागेंतील कांट्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. नागपुरी संत्र्याचें झाड स्वतः फारसें कांटेरी नसतें. परंतु तें ज्या खुंटावर वाढतें तो जंबेरीचा. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरून कलम करण्याची चाल या काटोल-कळमेश्वरच्या पट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि कलम कितीहि मोठें झालें तरी खुंट आपला मूळ स्वभाव सोडीत नाहीं. कलमाच्या खालून तो मधून मधून पानसोट फेंकतो, व त्या पानसोटांवर बोटांत खोल शिरतील असे कांटे असतात. ते छाटून टाकणें हें सुटींत आलेल्या मुलांचें काम. कांटा रुतला म्हणजे पहिल्या दिवशीं ठणका, दुसऱ्या दिवशीं लाली आणि सूज, तिसऱ्या-चवथ्या दिवशीं हिरवट-पिवळा पू, आणि मग एके सकाळीं पुवाबरोबर कांट्याचें मोडलेलें टोंक आपोआप बाहेर, असा क्रम आम्हीं किती वेळां पाहिला असेल याची गणती नाहीं. वडील मंडळी वर हळदीचें पोटीस बांधीत आणि ‘पिकूं द्या, पिकलें कीं निघेल,’ असें सांगत. बोट पिकतें म्हणजे त्याच्या आंत नेमकें काय घडतें, हें त्या वेळीं आम्हांस कोणी सांगितलें नाहीं व आम्हीं कोणास विचारलेंहि नाहीं.

तो प्रश्न विचारण्याची वेळ आली ती फार पुढें, आणि फार कटु रीतीनें आली. २०२१ सालच्या मार्च महिन्यांत साठीपुढील सर्वांस कोविडची लस मोकळी झाली. त्याच महिन्याच्या मध्यांत साथीचा जोर असा वाढला कीं नागपूर शहर आठवडाभर बंद ठेवावें लागलें. आमचे एक मामा त्या वेळीं पासष्ट वर्षांचे होते. सारा जन्म बागेंत गेलेला, दिवसभर उन्हांत उभे राहून तोडीवर नजर ठेवणारे, कधीं डोकें दुखलें म्हणून खाटेवर न पडलेले. लस घ्या म्हणून आम्हीं दूरध्वनीवरून आर्जव केलें, तेव्हां त्यांनीं हांसून उत्तर दिलें, “माह्या आंगात काटा टिकत नाही बाबू, हा तुमचा रोग काय टिकते!” एप्रिलांत त्यांस ताप आला आणि अकराव्या दिवशीं ते गेले. त्याच घरांत, त्याच माजघरांत निजणाऱ्या मामी मधुमेहानें खंगलेल्या. त्यांस दोन दिवस अंग मोडून ताप आला व तिसऱ्या दिवशीं त्या चुलीपाशीं बसल्या. एकाच छपराखालीं एकास मृत्यु आणि दुसऱ्यास दोन दिवसांचा ताप, असें कां व्हावें? आणि ज्या शक्तीवर मामांनीं इतका भरंवसा टाकला, ती शक्ति खरी कीं खोटी?

हा प्रश्न आमच्या घरास नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं या भागांत प्लेग फिरला, तेव्हां घरांत उंदीर पडूं लागले कीं लोक गांव सोडून शेतांत झोपड्या घालीत. त्या झोपड्यांच्या गोष्टी आमच्या पणजीच्या तोंडून आजीनें ऐकल्या व आजीच्या तोंडून आम्हीं. एका झोपडींत तीन भाऊ. एकास कांखेंत गांठ आली व तो गेला, दुसऱ्याची गांठ फुटून तो वांचला, तिसऱ्यास कांहींच झालें नाहीं. पणजी यास दैव म्हणे. वैद्य त्यास प्रकृति म्हणत. हल्लीं बाजारांत काढ्याच्या व चूर्णाच्या पुड्यांवर त्याच गोष्टीस ‘प्रतिकारशक्ति’ असें छापलेलें असतें. आणि नांव बदललें म्हणून ज्ञान वाढलें असें होत नाहीं. ज्ञान वाढलें तें निराळ्याच मार्गानें, आणि योगायोग असा कीं त्या मार्गाच्या आरंभीं एक कांटा व एक संत्र्याच्या जातीचें झाड आहे.

१८८२ सालीं एली मेचनिकॉफ नांवाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा विद्यापीठांतील जागेचा राजीनामा देऊन सिसिली बेटावरील मेसिना या बंदरीं सहकुटुंब येऊन राहिला होता. तो वैद्य नव्हता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. समुद्रांतील क्षुद्र जीव अन्न कसें पचवितात याचा त्यास छंद होता. एके दिवशीं घरचीं मंडळी सर्कशींतील वानरांचे खेळ पाहावयास गेलीं असतां तो एकटाच सूक्ष्मदर्शकापाशीं बसून तारामाशाच्या पिलांच्या अंगांत फिरणाऱ्या पेशी न्याहाळीत होता. हीं पिलें पाण्यासारखीं पारदर्शक असतात. त्याच्या मनांत एकाएकीं आलें कीं या फिरत्या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूपासून शरीराचें रक्षण तर करीत नसतील? तसें असेल, तर पिलाच्या अंगांत कांहीं खुपसल्यास त्या तेथें धांवत आल्या पाहिजेत. घरामागील बागेंत मुलांकरितां मंदारिन संत्र्याच्या एका लहान झाडास नाताळचें झाड म्हणून सजविलें होतें. तेथें जाऊन त्यानें गुलाबाचे कांहीं कांटे आणिले व ते पिलांच्या कातडीखालीं टोंचले. ती रात्र त्यानें जागून काढिली. सकाळीं पाहतो तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! तारामाशास रक्तवाहिन्या नाहींत, मज्जातंतूंचें मोठें जाळें नाहीं. तरी लाली व सूज यांचा गाभा जो पेशींचा मेळावा, तो तेथें होता. आमच्या बोटांत जें तीन दिवस चाले, तेंच त्या पिलांत एका रात्रींत झालें होतें.

या पेशींस पुढें ग्रीक शब्दांवरून ‘फॅगोसाइट’ हें नांव मिळालें; आपण भक्षकपेशी म्हणूं. दोन वर्षांनीं, १८८४ सालीं, पाण्यांतील पिसवेच्या अंगीं शिरलेले बुरशीचे सुईसारखे बीजाणु व त्यांस गिळूं पाहणाऱ्या भक्षकपेशी यांची झुंज मेचनिकॉफनें वर्णन केली. पेशी जिंकल्या तर पिसू वांचे. हरल्या तर मरे. तोंवर वैद्यकांत अशी समजूत होती कीं पुवांतील पांढऱ्या पेशी जंतूंस गिळतात खऱ्या, पण त्यामुळें रोग शरीरभर पसरतो. पहारेकऱ्यासच चोराचा साथीदार ठरविण्याचा हा प्रकार होता.

मेचनिकॉफचें मत सुखासुखीं मान्य झालें असें नाहीं. १८९० सालीं बर्लिनमध्यें बेरिंग आणि कितासातो यांनीं दाखविलें कीं धनुर्वाताचें विष सोसलेल्या प्राण्याच्या नुसत्या रक्तरसानें दुसऱ्या प्राण्याचें रक्षण होतें. तेथें पेशींची गरजच नाहीं. झालें! पेशी मोठ्या कीं रस मोठा, असा वाद पेटला, आणि पॅरिस व बर्लिन यांतील जुनें वैर त्यांत मिसळल्यामुळें तो वीस वर्षें धुमसत राहिला. १९०८ चें नोबेल पारितोषिक पेशीवाला मेचनिकॉफ आणि रसवाला पॉल एर्लिख यांस अर्धें अर्धें वाटून परीक्षकांनीं आपली सुटका करून घेतली. परंतु खरा विजय पुढील अर्धशतक रसवाल्यांकडेच राहिला. रक्तरस बाटलींत भरतां येतो, मोजतां येतो, विकतां येतो. आणि एकदां ओळखलेल्या शत्रूस वर्षानुवर्षें लक्षांत ठेवणारी ती अर्जित शक्ति बुद्धीस अधिक मोहक वाटते. जन्मतःच असलेली, कोणासहि विशेष न ओळखणारी व कांहींच न आठवणारी शक्ति ओबडधोबड ठरून मागें पडली.

या वादाच्या ऐन भरांत मेचनिकॉफचा एक शिष्य आपल्या मुंबईंत येऊन पोहोंचला. वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू. धर्म बदलल्यावांचून रशियांत त्यास प्राध्यापकी मिळणें नव्हतें. १८८९ सालीं तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत ग्रंथालयांतील नोकरीवर रुजू झाला, कारण गुरूहि आदल्या वर्षीं तेथेंच आला होता. पुस्तकें लावतां लावतां त्यानें पटकीची लस केली व १८९२ सालीं ती स्वतःस टोंचून घेतली. १८९३ त तो कलकत्त्यास आला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरांत सरकारनें हाफकिनला मुंबईस पाचारण केलें.

ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अपुऱ्या जागेंत त्यानें जी लस केली तिची कृति वाचली म्हणजे मोठी गंमत वाटते. गोमांस व डुकराचें मांस येथें चालणार नाहीं हें जाणून त्यानें बोकडाच्या मांसाचा रस घेतला आणि त्यावर चक्क तुपाचे थेंब तरंगत सोडले. त्या थेंबांस धरून प्लेगच्या जंतूंच्या वसाहती, गुहेच्या छतास चुन्याचे सुळे लोंबावे तशा, खालीं वाढत. भांडें हालविलें कीं त्या तळाशीं पडत व तुपाच्या बुडाशीं नवी वाढ सुरू होई. असें कांहीं आठवडे करून तो सर्व जंतुसांठा उष्णतेनें मारावयाचा, आणि झाली लस. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिननें तिची दहा घन सेंटिमीटर मात्रा स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत साथ शिरली तेव्हां तेथील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. त्याच वर्षीं मार्चांत पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. जूनमध्यें रँडचा वध झाला. लोकांस प्लेगइतकीच प्लेगच्या बंदोबस्ताची धास्ती होती, आणि सरकारी सुईविषयींचा संशय त्यांतून निराळा काढणें शक्य नव्हतें. आगाखानांनीं चारचौघांत टोंचून घेतलें व आपल्या मालकीची एक इमारत प्रयोगशाळेस दिली, तेव्हां तो कांहींसा ओसरला. १८९९ च्या ऑगस्टांत परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसांत प्लेग-संशोधनाची शाळा थाटली गेली. तीच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्ध आहे.

हाफकिनच्या वांट्यास पुढें जें आलें तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोंचलेले एकोणीस लोक धनुर्वातानें दगावले. दोष प्रयोगशाळेवर लादून हाफकिनला दूर सारण्यांत आलें. बाटली गांवीं उघडतांना दूषित झाली असावी हें पटवून देण्यास व नांवावरचा डाग पुसला जाण्यास १९०७ साल उजाडलें. त्या अवधींत किती लोकांनीं भयानें लस नाकारली असेल! भीति एकोणीसांवर थांबत नाहीं. कळमेश्वरासारख्या गांवांतून ती किती दूरवर व किती वर्षें मुरली, हें आम्हीं २०२१ त स्वतःच्या घरीं पाहिलें.

त्याच काळांत प्लेग-कमिशनाचा सभासद म्हणून आल्मरॉथ राइट हा इंग्रज डॉक्टर हिंदुस्थानांत येऊन गेला होता. पेशी व रस यांचें भांडण व्यर्थ आहे, असें सिद्ध करण्याचा मान पुष्कळसा त्याचा. १९०३ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें दाखविलें कीं रक्तरसांतील कांहीं द्रव्यें जंतूंवर बसलीं म्हणजे भक्षकपेशी त्यांस अधिक आवडीनें गिळतात. त्या द्रव्यांस त्यानें ‘ऑप्सोनिन’ म्हटलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अगदीं आपलें ‘तोंडीलावणें’. कोरडी भाकर घशाखालीं उतरत नाहीं, ठेचा असला कीं उतरते; हें ज्यास कळतें त्यास ऑप्सोनिन कळावयास अडचण पडूं नये.

राइटच्याच प्रयोगशाळेंत अलेक्झांडर फ्लेमिंग काम करीत असे. १९२१ सालीं स्वतःस पडसें झालें असतां त्यानें नाकांतील शेंबूड जंतूंच्या बशींत घातला आणि भोंवतालचे जंतु विरघळून गेलेले पाहिले. तेंच द्रव्य त्यास अश्रूंत, लाळेंत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकांत सांपडलें. त्यास त्यानें ‘लायसोझाइम’ हें नांव दिलें. अश्रूंचा पुरवठा व्हावा म्हणून तो सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस उडवी. आमच्या बागेंत संत्रें सोलतांना भावंडांच्या डोळ्यांत साल पिळण्याचा जो उद्योग चाले, त्यासहि असें शास्त्रीय वळण देतां आलें असतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें. परंतु लायसोझाइमनें सहज विरघळणारे जंतु बहुतेक निरुपद्रवी निघाले, म्हणून वैद्यांनीं त्याकडे पाठ फिरविली. त्यांनीं उलटा विचार केला असता तर? ते जंतु निरुपद्रवी कां, तर आपल्या अश्रूंपुढें त्यांचें कांहीं चालत नाहीं म्हणूनच, हें त्यांतलें पुष्कळसें मर्म आहे.

आतां पुन्हां बोटांतील पुवाकडे येऊं. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या भक्षकपेशी. न्यूट्रोफिल नांवाच्या या पेशी हाडांच्या मगजांत रोज अब्जावधि निपजतात आणि फार थोडें जगतात. पुवास जी हिरवट झांक असते ती त्यांच्यांतील एका लोहयुक्त प्रथिनाची. यांच्या पोटांत बारीक कणिका असतात. जंतु गिळला कीं या कणिका त्याच्यावर रित्या होतात. कणिकांत असतें काय, याचा शोध १९५० नंतर अमेरिकेंत नेटानें सुरू झाला. कोणी एक द्रव्य काढी, त्यास नांव देई, पण तें शुद्ध होईना. अखेर लॉस एंजेलिस येथें रॉबर्ट लेहरर, मायकेल सेल्स्टेड व टॉमस गँझ यांनीं १९८५ सालीं मनुष्याच्या न्यूट्रोफिलांतून तीन लहान प्रथिनें शुद्ध स्वरूपांत वेगळीं केलीं. रक्षणाचें काम करणारीं म्हणून त्यांस ‘डिफेन्सिन’ हें नांव पडलें.

हीं प्रथिनें किती लहान! सामान्य प्रथिनांत शेंकडों अमिनो आम्लें गुंफलेलीं असतात. यांत अवघीं एकोणतीस किंवा तीस, आणि तिन्हींमध्यें भेद काय तो पहिल्या एका आम्लाचा. त्या लहानशा साखळीस गंधकाच्या तीन गांठी मारलेल्या असतात, म्हणून ती कशानें सहजीं तुटत नाहीं. तिच्यावर धन विद्युद्भार असतो. जंतूच्या पापुद्र्याची बाहेरची बाजू ऋणभारित असते. आपल्या स्वतःच्या पेशींची बाहेरची बाजू बहुतांशीं भाररहित असून तिच्यांत कोलेस्टेरॉल मिसळलेलें असतें. यामुळें डिफेन्सिन जंतूस चिकटतें व त्याच्या पापुद्र्यास भोंकें पाडतें. यांत आठवण नाहीं, ओळख नाहीं, शत्रूचें नांवगांव विचारणें नाहीं; आहे तो केवळ धन व ऋण यांचा संबंध. ज्या शक्तीस पन्नास वर्षें ओबडधोबड म्हणून हिणविलें, तिचें हत्यार इतकें रेखीव निघावें, ही मोठी नवलाची गोष्ट होय.

एकदां कसें शोधावें हें कळल्यावर डिफेन्सिनें जेथें तेथें सांपडूं लागलीं. लहान आंतड्याच्या खोबणींच्या तळाशीं असलेल्या पेशी तीं निर्माण करतात. त्यांपैकीं एक तर जंतूंस मारण्याऐवजीं कोळ्याप्रमाणें जाळें विणून अडकवितें. सोरायसिस या त्वचारोगांत कातडी फाटून खपल्या पडतात, तरी त्या जागीं जंतुदोष क्वचितच होतो. या कोड्याच्या मागें लागलेल्या जर्मन संशोधकांस १९९७ सालीं त्या खपल्यांतच एक नवें डिफेन्सिन मिळालें. त्याच्या आधीं, १९८१ त, स्वीडनमध्यें हान्स बोमान यांनीं रेशमी पतंगाच्या कोशांतून, आणि १९८७ त अमेरिकेंत मायकेल झॅसलॉफ यांनीं बेडकाच्या कातडींतून अशाच जातीचीं, पण निराळ्या घडणीचीं प्रथिनें काढलीं होतीं. शस्त्रक्रिया केलेले बेडूक घाण पाण्याच्या टाकींत सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहींत, एवढीच गोष्ट झॅसलॉफ यांच्या नजरेस खुपली. ती पूर्वीं शेंकडों लोकांनीं पाहिली असेल!

वनस्पतींसहि हीं अस्त्रें आहेत. मुळ्याच्या बियांतील डिफेन्सिनें बुरशीस रोखतात, आणि फळमाशीच्या अंगांत बुरशीविरुद्ध निघणारें प्रथिन याच घडणीचें असल्याचें १९९४ त दिसून आलें. माशी व मुळा यांच्या अंगीं एकाच घडणीचें हत्यार! आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील मंडळींस याहून जवळचें उदाहरण ज्वारीचें. १९९१ सालीं ज्वारीच्या दाण्यांतून जीं लहान प्रथिनें वेगळीं करण्यांत आलीं, तीं किड्यांच्या पचनरसास बांध घालतात. त्यांची गणना आतां वनस्पतींच्या डिफेन्सिनांत होते. कणगींतील ज्वारीहि आपल्या परीनें पहारा देत असते. उलटपक्षीं, एक हत्यार मनुष्यानें गमावलेलें आहे. लालतोंड्या माकडाच्या श्वेतपेशींत १९९९ सालीं वर्तुळाकार असें अजब डिफेन्सिन मिळालें. त्याचा आराखडा आपल्याहि वंशसूत्रांत आहे. पण त्यांत एक ‘थांबा’ अशी खूण पडल्यामुळें तें आपल्या शरीरांत घडत नाहीं.

या सर्व प्रथिनांची एक मोठी सूची परळांतच तयार झाली आहे, हें सांगण्यास आम्हांस अभिमान वाटतो. हाफकिन संस्थेपासून हांकेच्या अंतरावर प्रजनन-आरोग्याच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथें सुझन इडिक्युला-थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं जंतुनाशक पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ नांवाचा संग्रह सिद्ध केला, आणि एखादी नवी साखळी जंतूस मारील कीं नाहीं याचा गणितानें अदमास घेण्याची सोय त्यांत ठेवली. तो संग्रह पुढें वेळोवेळीं वाढविण्यांत आला. प्रतिजैविकांस जंतु दाद देईनासे झाले असतां अशा संग्रहाचें मोल काय, तें निराळें सांगावयास नको.

परंतु जन्मजात रक्षण नेहमींच फुकट मिळतें असें समजूं नये. आमच्याच विदर्भांत त्याचा एक दारुण दाखला आहे. १९५८ सालीं शुक्ल व सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनीं ‘लॅन्सेट’ या पत्रांत मध्य हिंदुस्थानांतील सिकलसेलचें वृत्त प्रसिद्ध केलें. आईबापांपैकीं एकाकडूनच हा दोष आला तर मनुष्य बहुधा धडधाकट राहतो, आणि वर जीवघेण्या हिंवतापापासून त्याचें पुष्कळ रक्षण होतें. आफ्रिकेंत अॅलिसन यांनीं ही गोष्ट १९५४ त दाखवून दिली होती. दोघांकडूनहि आला तर रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन त्या मुलाच्या नशिबीं जन्माच्या वेदना येतात. पिढ्यान्‌पिढ्या हिंवतापाच्या रानांत राहिलेल्या कुळांनीं ही ढाल मिळविली, आणि तिची किंमत त्यांचीं लेंकरें अद्याप भरीत आहेत.

आतां मामांच्या बोलण्याकडे. अंगभूत शक्ति आहे, मग सुई कशास, हा त्यांचा युक्तिवाद. १९८९ सालीं येल विद्यापीठांतील चार्ल्स जेनवे यांनीं एक विचार मांडला, तो या युक्तिवादाच्या मुळावरच येतो. अर्जित शक्ति आपण होऊन जागी होत नाहीं. जंतूंच्या अंगीं असणाऱ्या ठराविक खुणा ओळखून जन्मजात शक्ति आधीं हांक देते, तेव्हां ती उठते. १९९६ त ज्यूल हॉफमन यांच्या मंडळींनीं फळमाशींत अशा हांकेचा एक मार्ग शोधला. तो तोडला कीं माशीच्या अंगावर बुरशी माजते. मग सस्तन प्राण्यांतहि तो सांपडला, व २०११ चें नोबेल या शोधांस मिळालें. म्हणजे लस ही जन्मजात शक्तीची सवत नव्हे; त्या शक्तीच्याच हातून ती आपलें काम करविते. हाफकिनच्या लशीनें अंग तापे, दंड सुजे, आणि लोक त्यास विष म्हणत. तुपाखालीं वाढलेल्या त्या मृत जंतूंच्या खुणा ओळखून मेचनिकॉफच्या पेशींनीं दिलेली ती हांक होती. गुरूचें आणि शिष्याचें काम असें एकाच सुईच्या टोंकाशीं जुळलेलें होतें, पण तें कळण्यास शंभर वर्षें लागलीं.

राहिला दुसरा प्रश्न : एकाच घरांत एक मेला व एक कां वांचला? विषाणूंविरुद्ध जन्मजात शक्तीचें एक मुख्य हत्यार म्हणजे इंटरफेरॉन. तें १९५७ सालीं आयझॅक्स व लिंडेनमन यांनीं शोधलें. २०२० सालीं, कोविडनें अत्यवस्थ झालेल्या ९८७ रोग्यांचें रक्त तपासतां त्यांतील १०१ जणांत स्वतःच्याच इंटरफेरॉनास निकामी करणारीं प्रतिपिंडें मिळालीं. त्या १०१ पैकीं ९५ पुरुष होते, आणि जवळजवळ निम्मे पासष्टीच्या पुढचे. हीं प्रतिपिंडें आजारापूर्वींपासून अंगांत असतात व त्यांचा सहसा थांग लागत नाहीं. कांटा रुतला तर अशा मनुष्याचें बोट नेहमींसारखेंच पिकेल, कारण जंतूंशीं लढणाऱ्या भक्षकपेशी शाबूत असतात; विषाणूच्या वाटेवरील चौकी मात्र आंतून मोडलेली असते. बोटावरून देहाची परीक्षा करणाऱ्यास तें कळावें कसें?

मामांच्या बाबतींत असें होतें, असें म्हणण्यास आम्हांस आधार नाहीं. त्यांचें रक्त कोणी तपासलें नाहीं, व तपासण्याची ती वेळहि नव्हती. मामींनीं एकदां विचारलें, “मंग यांचं नेमकं काय झालं बाबू?” आम्हीं वर लिहिलें तें सर्व त्यांस बैठकीवर बसून सांगितलें, आणि सांगतां सांगतां आमच्याच ध्यानांत आलें कीं त्यांच्या प्रश्नाचें हें उत्तर नव्हे. त्यांनीं मात्र सर्व ऐकून घेतलें. पुढें श्रावणांत त्या स्वतः होऊन कळमेश्वरच्या दवाखान्यांत गेल्या व टोंचून घेऊन आल्या. रात्रीं थोडा ताप आला. सकाळीं उठून त्यांनीं कमरेस पदर खोंचला, कोयता घेतला, आणि जंबेरीचे पानसोट फार माजले म्हणून छाटावयास बागेंत गेल्या.